भेटींचा हिशोब: राजेंद्रनगर, इंदूर येथील प्रकल्पाच्या नोंदी

१४ जून २०२५

सोसायटीच्या सचिवांनी आज २०२० आणि २०२१ची फाटकावरची रजिस्टरं काढून दिली. मीटरच्या खोलीत, गणपतीच्या मंडपाच्या कनातींखाली ती इतकी वर्षं पडून होती. काही पानं ओलीनं चिकटली आहेत, पण बहुतेक वाचता येतात. मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी आता यावर काम करणार.

कोरोनाच्या टाळेबंदीत माणसांच्या भेटी कमी झाल्या हे सांगायला प्रकल्प कशाला हवा? किती कमी झाल्या, हेही इतरांनी नीट मोजलं आहे. २००५-०६ मध्ये युरोपातल्या आठ देशांत ७,२९० माणसांनी एकेका दिवसाच्या भेटींची डायरी लिहिली. ही पाहणी 'पॉलिमॉड' नावानं ओळखली जाते आणि २००८ साली छापून आली. समोरासमोर किमान तीन शब्दांची बोलाचाली झाली किंवा अंगाला अंग लागलं तर ती भेट धरायची, असा त्यांचा नियम. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये 'कोमिक्स' नावाची पाहणी सुरू झाली. तिथे दिवसाच्या सरासरी भेटी १०.८ वरून २.८ वर आलेल्या दिसल्या. त्यावरून संशोधकांनी हिशोब मांडला, की एका रुग्णापासून सरासरी २.६ जणांना होणारी लागण ०.६२ वर आली असावी. एकाच्या खाली आली म्हणजे साथ ओसरणार.

मला यापुढचं विचारायचं आहे. ज्या भेटी उरल्या, त्या कोणाच्या वाट्याला आल्या?

भेटीची व्याख्या त्यांचीच घेतली. आमचे रकाने तीन जास्त: किती मिनिटं, खोली बंद होती की मोकळी, आणि दोघांपैकी कोणाचं तोंड झाकलेलं होतं.

१७ जून

रजिस्टर हिंदीत आहे. तारीख, नाम, कहाँ जाना है, समय. एप्रिल २०२०च्या पानांवर पाहुणे जवळजवळ नाहीत. दूध आहे, गॅस आहे, नगर निगम आहे. त्या दिवसांत इंदुरात किराण्याची दुकानंसुद्धा बंद ठेवली होती. कचरागाडीवरच्या माणसाकडे सामानाची यादी द्यायची आणि सामान घरपोच यायचं. त्यामुळे एकच माणूस सकाळभर कितीतरी दारांशी उभा राहायचा. पण दाराबाहेर, उघड्यावर, क्षणभर.

पानामागून पान सारख्याच येणाऱ्या नोंदी वेगळ्याच आहेत: 'आया, दिन', 'आया, रात', 'इंजेक्शन वाले', 'फिजियो'. आमची कॉलनी म्हाताऱ्यांची. मुलं पुण्याला, बंगळुरूला, काही अमेरिकेत. अंथरुणाला खिळलेली माणसं टाळेबंदीतही अंथरुणालाच खिळलेली होती. त्यांना कुशीवर वळवायला, भरवायला, डायपर बदलायला कोणीतरी यायलाच हवं होतं.

फाटकावरचे चौकीदार तेव्हाही तेच होते. त्यांना विचारलं, "भैया, यात तुमचं नाव कुठंच कसं नाही?"

"मैडम, लिखने वाले तो अपन ही थे. अपना नाम कौन लिखता?"

कॉलनीत सगळ्यांत जास्त माणसांशी बोललेला माणूस आमच्या नोंदीत नाही. आजपासून त्यांच्यासाठी वेगळी पाटी: प्रत्येक आलेल्या माणसामागे एक भेट चौकीदारांच्या खात्यावरही चढवायची.

१९ जून

नावं काढून टाकली. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, प्रत्येक घराला एक अक्षर. कोणता क्रमांक कोणाचा याची यादी फक्त माझ्याजवळ, कागदावर. कोणाच्या घरात कोण आजारी पडलं, कोण गेलं, हे या प्रकल्पातून कधीच बाहेर जाणार नाही.

२४ जून

मुलाखती सुरू केल्या. पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिवशी किती जणांना भेटलात असं विचारलं, तर माणूस अंदाज ठोकून देतो. म्हणून आम्ही आठवणीला खुंट्या दिल्या. २२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा दिवस. त्या संध्याकाळी राजवाड्यावर थाळ्या वाजवत गर्दी जमली होती, ते इंदुरात कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची रंगपंचमी, जेव्हा गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघालीच नाही. गणपती, जेव्हा अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, निघाल्या नाहीत. मग विचारायचं: त्या दिवशी घरात कोण होतं? किल्ली कोणाकडे होती? डबा कुठून यायचा?

या पद्धतीनं एका घरात झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"अगं, आमच्याकडे कोणी म्हणजे कोणी येत नव्हतं. दारच उघडलं नाही आम्ही. पिशवीसुद्धा दोरीनं वर ओढून घ्यायचो."

"मग काकू, काकांना उठवून बसवायला कोण यायचं?"

"ती होय! ती तर रोजच यायची. तिला पाहुणी कशी म्हणू? घरातलीच ती. ती नसती तर आमचं काय झालं असतं."

काकू लपवत नव्हत्या. जिच्यावर घर उभं होतं तिला त्यांनी मनानं घरात घेतलं होतं, म्हणून ती मोजणीतून सुटली. पण संध्याकाळी ती बस्तीतल्या आपल्या घरी जायची, आणि रजिस्टर सांगतं की काही महिने ती दुपारी 'घर फ' मध्येही जात होती. आता प्रत्येक मुलाखतीत वेगळा प्रश्न: घरातलं मानलेलं, पण रात्री दुसरीकडे झोपणारं कोण?

२ जुलै

आज सरासरीवर बसले. विद्यार्थिनींना फळ्यावर दाखवलं ते इथे उतरवते, कारण सगळ्या कामाचा कणा हाच आहे. आकडे मानलेले आहेत, कॉलनीचे नाहीत.

शंभर माणसं घ्या. नेहमीच्या दिवसांत प्रत्येकाच्या दहा भेटी. सरासरी दहा. आता बंदी आली. ९५ जण घरात बसले, प्रत्येकी दोन भेटी. पाच जणांना काम करावंच लागतं, त्यांच्या प्रत्येकी साठ. एकूण १९० अधिक ३००, म्हणजे ४९०. सरासरी ४.९. निम्म्याच्याही खाली. बातमीत हाच आकडा छापून येईल.

पण आजार सरासरीच्या माणसाकडे जात नाही, तो भेटीतून जातो. म्हणून एखादी भेट चिठ्ठी काढल्यासारखी उचला आणि विचारा, या भेटीच्या टोकाला असलेल्या माणसाच्या स्वतःच्या भेटी किती? पहिल्या स्थितीत उत्तर दहा. दुसऱ्या स्थितीत ४९० टोकांपैकी ३०० त्या पाच जणांची, म्हणजे ६१ टक्के वेळा आपण साठवाल्यापाशीच पोचतो. हिशोब केला तर उत्तर येतं ३७.५. सरासरी निम्मी झाली आणि लागण ज्या आकड्याच्या प्रमाणात पुढे सरकते तो जवळजवळ चौपट झाला.

आता दोन उपाय ताडून पाहा. घरात बसलेल्या ९५ जणांना आणखी दटावलं आणि दोनाची एक भेट केली: सरासरी ३.९५ वर येते, पण तो दुसरा आकडा ४५.८ होतो. याउलट त्या पाच जणांचं काम वाटून दिलं, पाळ्या बांधल्या, त्यांच्या भेटी साठाच्या वीस केल्या: दुसरा आकडा ८.२ वर उतरतो. बंदीच्या आधी होता त्याच्याही खाली.

मुली बराच वेळ आकडे पुन्हा पुन्हा मांडत होत्या. मलाही हा हिशोब दर वेळी तितकाच अस्वस्थ करतो. २०२० मध्ये आपण सगळा जोर घरात बसलेल्यांना आणखी घरात बसवण्यावर लावला. ज्यांच्या अंगावर भेटींचा ढीग पडला होता त्यांच्यासाठी पाळ्या, चांगले मुखपट्टे, पगारी रजा यांवर कितीसा लावला?

या हिशोबाची मर्यादाही आत्ताच लिहून ठेवते. यात प्रत्येक भेट सारख्याच धोक्याची धरली आहे. दारात पिशवी ठेवून निघून जाणं आणि बंद खोलीत तासन्‌तास माणसाला सांभाळणं सारखं नाही. म्हणूनच मिनिटांचा रकाना.

३ जुलै

जुन्या पाहण्यांत ही लांब शेपटी, म्हणजे खूप जास्त भेटी असलेली थोडी माणसं, कशी हाताळली ते पाहिलं. पॉलिमॉडमध्ये काही देशांत डायरीला जागाच मर्यादित होती, म्हणून विश्लेषणात एका माणसाच्या भेटी २९वर कापल्या. युरोपातल्या सरासरीसाठी ते चालून गेलं असेल. कोमिक्स ऑनलाइन होती. प्रश्नावली भरायला फोन आणि फुरसत दोन्ही हवीत. दिवसभर फाटकावर उभ्या असलेल्या माणसाकडून ती भरून येण्याची शक्यता कमी.

आमच्या डायरीला वरची मर्यादा नाही. पान संपलं तर दुसरं जोडायचं.

६ जुलै

आषाढी एकादशी. पंढरीनाथच्या देवळात रांग होती. रांगेत उभी असताना दुकानांच्या वेळांचा हिशोब डोक्यात होता, तो घरी येऊन लिहिला.

समजा एका दुकानात दिवसाला २४० गिऱ्हाइकं येतात, प्रत्येक दहा मिनिटं थांबतं. दुकान बारा तास उघडं असेल तर एका वेळी सरासरी ३.३ माणसं आत. तेच तीन तास उघडं ठेवलं तर १३.३. गिऱ्हाइकं तेवढीच, पण प्रत्येकाच्या शेजारी उभी असलेली माणसं चौपट. दुकानदार तर तेच २४० चेहरे बघतो, फक्त एका दमात. वेळ आखडून गर्दी कमी होते ती तेव्हाच, जेव्हा माणसं यायचीच थांबतात. धान्य-औषधाला माणसं थांबत नाहीत.

१२ जुलै

कॉलनीच्या मागच्या बस्तीत गेलो. तीन आयांशी, एका स्वयंपाकवाल्या बाईंशी आणि गॅसच्या गाडीवरच्या दोघांशी बोललो. बोलायला बसण्याआधी त्यांच्या त्या वेळेच्या मजुरीइतके पैसे दिले. प्रकल्पाच्या खर्चात हा पहिला आकडा असायला हवा.

एका आयाचं सांगणं. २०२० मध्ये त्या घरी पाच जण, खोली एक. नळ गल्लीत, संडास चार घरांत एक. कॉलनीत शिरताना हात धुवायला लावायचे, ताप मोजायचे, चपला बाहेर. "ठीक भी था, दादी बुजुर्ग थीं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून: "पर उनके घर में किसी को बुखार है कि नहीं, ये हमको कोई नहीं बताता था. हमारे घर भी तो बच्चे थे."

कोणत्या वयोगटाच्या कोणत्या वयोगटाशी किती भेटी, याचा तक्ता बांधताना एक अट पाळावीच लागते: पहिल्या गटाच्या दुसऱ्याशी झालेल्या एकूण भेटी आणि दुसऱ्याच्या पहिल्याशी झालेल्या एकूण भेटी सारख्याच यायला हव्यात. भेट दोघांची असते, म्हणून ती दोन्ही खात्यांवर चढते. फाटकावरचा ताप मात्र एकाच बाजूनं मोजला जात होता. २०२०च्या सगळ्या पानांत रहिवाशाच्या तापाची एकही नोंद नाही.

१३ जुलै

काल ऐकलं त्यावरून घरांचा हिशोब. १९९७ मध्ये बॉल, मोलिसन आणि स्कालिया-तोम्बा यांनी साथीचं जे गणित मांडलं त्यात माणसं दोन पातळ्यांवर मिसळतात: घरात दाट, बाहेर विरळ. साथ वाढणार की विरणार हे दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरतं. एक, घरात आजार शिरला तर घरातले सरासरी किती जण आजारी पडतात. दोन, त्यातला प्रत्येक जण घराबाहेर सरासरी किती जणांना लागण करतो.

समजा बंदीमुळे दुसरा आकडा सगळीकडे ०.३ झाला. दोघं म्हातारी राहतात अशा घरात पहिला आकडा १.५ धरला तर गुणाकार ०.४५, साथ विरते. एका खोलीत पाच जण, पाचही आजारी पडतात, तर तोच गुणाकार १.५, साथ वाढते. नियम एकच, पाळणारेही तितकेच प्रामाणिक. फरक भिंतींचा.

मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत रक्ताची तपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली आणि इतर वस्तीत १६ टक्के. समाईक संडास आणि दाटी हे कारण तेव्हाच पुढे आलं होतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांत हेच प्रमाण ५१.५ टक्के. टाळेबंदी तर सगळीकडे लागू होती.

घरातल्या लागणीबद्दल २०२० अखेर ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. रुग्णाच्या घरातल्या एखाद्याला लागण होण्याचं प्रमाण १६.६ टक्के, नवरा-बायकोत ३७.८. जवळ राहण्याचा वेळ वाढला की धोका वाढतो, हे त्या दोन आकड्यांतच दिसतं. आया त्या गणितात कुठे बसेल? दिवसाचे बारा तास, एकाच अंथरुणाशी. मी तिला नातेवाइकाच्या वजनानं धरणार आहे, आणि एका घरात नाही, दोन घरांत.

१९ जुलै

वयाचा तक्ता पहिल्यांदा पूर्ण दिसला. शाळा बंद होत्या तेव्हा मुलांच्या मुलांशीच होणाऱ्या भेटींचा, तक्त्यातल्या तिरक्या रेषेवरचा (कर्णावरचा) ठळक पट्टा पुसट झाला, अपेक्षेप्रमाणे. आई-बाप आणि मुलं यांचे दोन पट्टे राहिले. पण एकत्र कुटुंबांच्या घरांत आजी-आजोबा आणि नातवंडं यांचा पट्टा अधिक गडद झाला. शाळा नाही, पाळणाघर नाही, आईबाप लॅपटॉपवर; मूल दिवसभर आजीच्या मांडीवर. बाहेरचा दरवाजा बंद केला आणि आतला उघडला.

शाळा बंद ठेवायला नको होत्या, असं मी यावरून म्हणत नाही. शाळा बंद करताना आजीचा विचार वेगळा करायला हवा, एवढं मात्र म्हणते.

२३ जुलै

गुगलच्या हालचालींच्या अहवालातली आकडेवारी जुळवून पाहिली. ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा काळ पाया धरून ते दुकानं, बागा, स्थानकं, कामाच्या जागा आणि घर यांतली घटवाढ देत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते बंद झालं. घरात घालवलेला वेळ वाढला एवढं त्यातून कळतं. त्या घरात कोण होतं, हे कळत नाही. आमच्या कामाला पार्श्वभूमी म्हणून ठेवलं, पुढे जास्त वेळ देणार नाही.

३० जुलै

तामिळनाडू आणि आंध्रचा अभ्यास आज तिघींनी मिळून वाचला. ८४,९६५ रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातले ५,७५,०७१ लोक. २०२० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास जगातल्या सर्वांत मोठ्या संपर्क-तपासण्यांपैकी एक, आणि तो आपल्या देशातल्या आरोग्यसेविकांनी दारोदार फिरून गोळा केलेल्या माहितीवर उभा आहे. साधारण ७१ टक्के रुग्णांच्या तपासलेल्या संपर्कांत एकालाही लागण आढळली नाही. जवळच्या, जास्त धोक्याच्या संपर्कात लागणीचं प्रमाण १०.७ टक्के, कमी धोक्याच्या संपर्कात ४.७.

बहुतेक जण कोणालाच देत नाहीत, थोडे जण पुष्कळांना देतात. एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅम, मग लोक त्या थोड्यांनाच दोष देतील." तिची भीती रास्त आहे. २०२० मध्ये इंदुरात आणि इतरत्र वस्त्यांची नावं घेऊन बोलणं आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. म्हणून आमच्या अहवालात वाक्यरचना ठरवून घेतली: 'अमुक गटानं पसरवला' असं कुठेही नाही. 'अमुक कामात इतक्या भेटी, इतकी मिनिटं, इतकी दारं' असं. त्या कामाची जागा रिकामी ठेवता येत नाही. आज त्या जागी एक बाई आहे, ती गेली तर दुसरी येईल, आणि भेटी तेवढ्याच राहतील.

१० ऑगस्ट

सोसायटीच्या बैठकीत आतापर्यंतचं काम मांडलं. बैठक खरं तर गणपतीच्या वर्गणीसाठी होती, सचिवांनी आम्हाला मध्ये वेळ दिला.

एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे आमची दोरीची पिशवी वायाच गेली म्हणायची?"

नाही, आजोबा. दारावरची भेट तुम्ही लहान केलीत आणि उघड्यावर ठेवलीत, ते बरोबरच होतं. फक्त आपल्या सगळ्यांची भीती दारातल्या माणसावर खिळली होती. आत तासन्‌तास कोण बसतं, त्याच्या घरी कोण आहे, आणि आपल्याकडून त्याला काय मिळू शकतं, याची विचारपूस राहिली.

पुढच्या साथीसाठी चार गोष्टी मांडल्या. एका आयाकडे एकच घर, आणि दुसऱ्या घराचे बुडालेले पैसे दोन घरांनी मिळून द्यायचे. इंग्लंडमध्ये जून २०२०पासून एकट्या राहणाऱ्या प्रौढाला दुसऱ्या एका घराशी जोडून घेण्याची मुभा होती. आया आणि तिचं कामाचं घर यांनाही तशीच एक जोडी मानता येईल. घरात कोणाला ताप आला तर ती कामावर येण्याआधी तिला फोन. चौकीदारांच्या खोलीला खिडकी. आणि तिच्या घरी कोणी आजारी असेल तर तिला रजा, पूर्ण पगारानं.

शेवटच्या मुद्द्यावर बराच वाद झाला. खर्च कोण करणार, खोटं सांगून रजा घेतली तर काय. एक वहिनी उठून म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईंची आया २०२१ मध्ये, कोरोना कर्फ्यूच्या दिवसांत ताप असताना कामावर आली होती, कारण पैसे कापले जातील ही धास्ती. "तिनं सांगितलं असतं तर मी कापले नसते. पण तिला ते कसं माहीत असणार? मी कधी सांगितलंच नव्हतं." त्यानंतर वाद थांबला. खिडकी मंजूर झाली. ताप कळवण्याचा नियमही मंजूर झाला. पगारी रजेवर दसऱ्यानंतरच्या सभेत मत घ्यायचं ठरलं. तोवर मी खर्चाचा अंदाज लेखी द्यायचा आहे.

१६ ऑगस्ट

आता साध्या दिवसांच्या भेटी मोजायच्या आहेत, म्हणजे बंदीच्या काळाशी ताडायला पाया मिळेल. २७ ऑगस्टला गणपती बसतात. प्रत्येक घरानं दोन डायऱ्या भरायच्या: एक आधीच्या आठवड्यातल्या कामाच्या दिवसाची, एक आरतीला गर्दी असते त्या दिवसाची. मराठी प्रती छापून आल्या. आया, चौकीदार आणि कचरागाडीवरच्या लोकांसाठी हिंदी प्रत वेगळी आहे. जिला लिहिणं जमत नाही तिच्याकडे संध्याकाळी विद्यार्थिनी जाऊन विचारून भरतील. 'घरातलं मानलेलं, रात्री दुसरीकडे झोपणारं' हा प्रश्न दोन्ही प्रतींत आहे, आणि हिंदी प्रतीत त्याचा जोडप्रश्नही: तुम्ही ज्या घरात जाता तिथे काल कोणाला ताप होता का, आणि तुम्हाला ते कोणी सांगितलं.

पगारी रजेच्या खर्चाचा कच्चा अंदाज उद्या खजिनदारांना दाखवणार.